देणगीवाल्या रिफंडमध्ये अडकलो, मग सीएला फी द्यावी का? माझा पूर्ण अनुभव

आधीच सांगतो, लांबलचक होणार आहे. डिसेंबर २०२५ पासून मी याच्यातच आहे आणि ज्यांना ज्यांना इन्कम टॅक्सचा देणगीची वजावट तपासा असा मेसेज आलाय त्यांना उपयोग व्हावा म्हणून आकड्यांसकट लिहितोय. रिव्ह्यू एका सीए मॅडमच्या सेवेचा आहे, ऑफिस नाशिकला, कॅनडा कॉर्नरच्या बाजूला, दुसरा मजला, लिफ्ट नाही, स्वतः मॅडम आणि आर्टिकलशिपची म्हणजे सीए व्हायला शिकणारी दोन पोरं एवढाच पसारा. नाव टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं, सीए लोकांना जाहिरातीवर बंधनं असतात. माझ्याकडून पाचपैकी चार. एक का कापला तेही पुढे येईल.

तर झालं असं. मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मार्च २०२३ मध्ये आमच्याच लाइनवरच्या एकाने सांगितलं की एक सर आहेत, रिटर्न भरतात, रिफंड भरपूर काढून देतात. सर म्हणजे कोण तर गेटबाहेर गाडीत लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस, शिफ्ट सुटली की त्याच्यापुढे रांग लागायची. त्याचं म्हणणं साधं होतं, एका राजकीय पार्टीच्या खात्यात एक लाख ऑनलाइन टाकायचे, पार्टीची पावती येते, त्या पावतीवर ८० जीजीसी कलमाखाली लाखाची लाख वजावट, आणि आठवडाभरात ९२ हजार कॅशने हातात परत. आठ हजार त्यांचे. माझ्या स्लॅबला २० टक्के आणि वर सेस धरून रिफंड येणार २०,८०० म्हणजे आठ गेले तरी बारा हजार आठशे सुटतात.

कलम खरं आहे, म्हणूनच माणूस गळाला लागतो. कोणीही पगारदार माणूस नोंदणी झालेल्या पार्टीला चेकने किंवा ऑनलाइन देणगी देऊ शकतो आणि जुन्या टॅक्स पद्धतीत पूर्ण वजावट घेऊ शकतो, फक्त रोख दिलेली चालत नाही. खोटं काय होतं तर पैसे परत येणं. आणि ते मला माहीत होतं. ९२ हजाराचं पाकीट मी स्वतः मोजून घेतलंय त्यामुळे मला फसवलं हो असं मी म्हणणार नाही, सगळे करतायत म्हणून मीही केलं आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा तेच केलं.

मग १४ जुलै २०२५ ला इन्कम टॅक्सने देशभर १५० ठिकाणी कारवाई केली, टीव्हीवर आलं, खोट्या वजावटी भरून देणारे एजंट आणि रिटर्न भरणारे त्यांचं टार्गेट. त्याच वेळी खात्याने सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार लोकांनी आपणहून रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले. तेव्हाच मी उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने ३३४ पार्ट्या यादीतून काढल्या, सप्टेंबरमध्ये अजून ४७४, सहा सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेल्या, आणि त्या यादीत माझ्या पावतीवरचं नाव दिसलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. तरीपण काही केलं नाही. डिसेंबरच्या मध्यावर मोबाईलवर मेसेज आला की तुमच्या रिटर्नमधली देणगीची वजावट तपासा, चूक असेल तर सुधारा.

सरांना फोन लावला. म्हणाले सगळ्यांना येतो तो मेसेज, इग्नोर मारा, फारच वाटत असेल तर पाच हजार पाठवा मी उत्तर टाकून मॅनेज करतो.

घरी सांगावं लागलं. बायको रागावली नाही, ती गप्प बसली, आणि मग म्हणाली, "अहो, त्या माणसाला पैसे देऊन हे झालं, आता हे निस्तरायला अजून एका माणसाला पैसे द्यायचे?" मेहुण्याचं म्हणणं वेगळं, "दाजी, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर सगळं फुकट आहे, व्हिडिओ बघून रविवारी बसू आपण दोघं, फीचे दहा हजार वाचतील." दोघांचंही चूक नव्हतं. टॅक्स, त्यावरचा भुर्दंड आणि वर फी, म्हणजे त्या बारा हजारांपायी किती घालवायचे याला काही मर्यादा आहे की नाही. मी आठवडाभर याच्यावरच अडून बसलो होतो, आणि माझ्यासारखे बरेच जण इथेच अडतात म्हणून हा भाग जरा नीट सांगतो.

पैसे द्यायच्या आधी मी तीन ठिकाणी विचारून आलो.

पहिलं एक ऑनलाइन पॅकेज. ९९९ रुपयात अपडेटेड रिटर्न, म्हणजे जुनं रिटर्न सुधारून भरणं, आणि एक्स्पर्टशी चॅट. एक्स्पर्ट चांगला बोलला पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, कोणती वजावट काढायची ते लिहा आम्ही फॉर्म भरतो एवढंच. ज्याला स्वतःचं नेमकं काय चुकलंय ते पक्कं माहीत आहे त्याच्यासाठी हे ठीक आहे. मला वाटत होतं की मला माहीत आहे.

दुसरं, एक मोठं चकाचक ऑफिस, बाहेर टॅक्स कन्सल्टंट अशी पाटी. ते म्हणाले घाबरू नका, तुमच्याकडे पावती आहे, बँकेची एन्ट्री आहे, देणगी खरीच होती म्हणून ठोकून देऊ, जेवढा टॅक्स वाचेल त्याच्या २० टक्के आमची फी. ऐकायला गोड. मी नाव आणि मेंबरशिप नंबर विचारला तर म्हणाले आमचे सीए मुंबईला बसतात. नंतर मॅडमकडून कळलं की सीएच्या कायद्यातच, १९४९ चा कायदा आहे तो, असं लिहिलंय की निकालावर अवलंबून किंवा टक्केवारीने फी घेणं हे गैरवर्तन धरलं जातं, काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे "रिफंडच्या इतके टक्के" किंवा "वाचवलेल्या टॅक्सच्या इतके टक्के" हे शब्द कानावर पडले की समोरचा बहुतेक सीए नाही किंवा असला तरी त्याच्याकडे थांबू नये. आमच्या गाडीतल्या सरांचंही टक्क्यावरच होतं, तेव्हा डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर वकील होते, फोनवर पाच मिनिटं बोलले, म्हणाले माझ्याकडे यायची गरज नाही, अजून नोटीस नाही ना, मग एखाद्या साध्या चांगल्या सीएकडे जा. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, फी पण घेतली नाही.

मग या मॅडम. फोनवर म्हणाल्या, पहिल्या बैठकीचे दीड हजार, तासभर, कागद घेऊन या, आणि काम घ्यायचं की नाही ते त्यानंतर ठरवू, तुम्ही पण आणि मी पण. मला हे आवडलं. दीड हजारात निदान कुठे उभे आहोत हे तर कळेल म्हणून गेलो.

त्या तासातली पहिली वीस मिनिटं टॅक्सवर एक शब्द नाही. म्हणाल्या पोर्टल उघडा. मी म्हटलं पासवर्ड सरांकडे आहे. त्यांनी आधार ओटीपीने माझ्याच खुर्चीवर मला लॉगिन करायला लावलं, प्रोफाइल उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोबाईल नंबर माझा, ईमेल मात्र कुठला तरी अनोळखी, माझं आडनाव आणि पुढे चार आकडे, असला जीमेल मी आयुष्यात काढलेला नाही. मॅडम म्हणाल्या हे सगळीकडे असंच आहे, हे लोक घाऊक रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल काढतात आणि मग सोडून देतात, खात्याच्या नोटिसा त्या पत्त्यावर जाऊन पडतात, कोणी उघडतच नाही, आणि माणूस म्हणतो मला नोटीसच आली नाही. माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी ई-प्रोसिडिंग्जचं पान उघडलं, खात्याच्या नोटिसा जिथे दिसतात ते, तिथे माझ्या नावावर काही पडलं नव्हतं. तो एक सेकंद मी विसरणार नाही. ईमेल बदलला, पासवर्ड बदलला, मगच चहा आला.

हे काम फुकटात घरी होतं का? होतं. ज्यांनी कोणी असल्या माणसाकडून रिटर्न भरलंय त्यांनी सल्ल्याचं पुढचं पुढे बघा पण आज रात्री प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाईल स्वतः बघा. आणि कागदी किंवा ईमेलवर नोटीस आली असेल तर त्यावर डीआयएन म्हणून एक नंबर असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो, नोटीस खरी का खोटी ते लगेच कळतं, कारण आता खोट्या नोटिसा पाठवून लुटणारेही सुटलेत.

त्यानंतर त्यांनी दोन्ही वर्षांची भरलेली रिटर्न डाउनलोड केली आणि पहिल्या पानापासून ओळ न ओळ वाचायला लागल्या. मी म्हटलं मॅडम देणगी तेवढी काढायची आहे, बाकी बरोबर आहे. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या रिटर्नवर थांबल्या आणि विचारलं, "घरात कोणी दिव्यांग आहे का?" मी म्हटलं नाही. त्यांनी बोट ठेवलं तिथे, ८० डीडी, म्हणजे घरातल्या दिव्यांगासाठीची वजावट, ७५,००० रुपये. अवलंबित व्यक्ती, आई.

माझी आई रोज सकाळी पाथर्डी फाट्यापर्यंत चालत जाते आणि येते. त्या माणसाने मला न विचारता, न सांगता माझ्या आईला कागदावर अपंग करून ठेवलं होतं आणि त्या पैशाचा रिफंड माझ्या खात्यात आला होता, मी म्हणत होतो या वर्षी रिफंड जरा जास्त आला, बरं झालं. मला तिथे बसवेना. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही, पण हे आजच कळलं हे चांगलं झालं."

चांगलं का ते ऐका, कारण माझ्या मते फी देण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. जुनं रिटर्न सुधारायचा जो रस्ता आहे, आयटीआर-यू म्हणतात त्याला, २०२२ पासून आलाय, तो एका असेसमेंट वर्षासाठी (कमाईच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) एकदाच भरता येतो. एकदाच. मी मेहुण्याबरोबर रविवारी बसलो असतो तर देणगीचा लाख काढून, पैसे भरून, सुटलो म्हणून मोकळा झालो असतो, आणि आईच्या नावावरचे ७५ हजार तसेच राहिले असते आणि ते काढायला त्याच रस्त्याने परत जाता आलं नसतं. त्या ९९९ च्या पॅकेजमध्येही तेच झालं असतं, कारण ते मी सांगेन तेवढंच भरणार होते.

आता आकडे. पहिलं वर्ष, असेसमेंट वर्ष २०२३-२४, एक लाखाची देणगी, टॅक्स २०,८००. दुसरं, २०२४-२५, लाखाची देणगी आणि ७५ हजार ते, मिळून पावणेदोन लाख, टॅक्स ३६,४००. असेसमेंट वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत आयटीआर-यू भरला तर टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जादा, २४ महिन्यांच्या आत ५० टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून मुदत वाढवलीय म्हणून ३६ महिन्यांपर्यंत ६० आणि ४८ महिन्यांपर्यंत ७० टक्के. म्हणजे ३१ मार्च २०२६ च्या आत माझं पहिलं वर्ष ५० टक्क्यात बसत होतं आणि दुसरं २५ मध्ये. पहिल्याचे ३१,२०० आणि दुसऱ्याचे ४५,५००, एकूण ७६,७००, आणि व्याज वरून. व्याजाचा आकडा मी मुद्दाम टाकत नाही कारण तो प्रत्येकाचा वेगळा येतो, कंपनीने टीडीएस किती कापला होता, रिफंड कधी आला, यावर सगळं आहे, आणि माझा आकडा बघून कोणी स्वतःचं गणित मांडायला नको.

हेच ३१ मार्च उलटून गेल्यावर केलं असतं तर पहिलं ६० टक्क्यात आणि दुसरं ५० मध्ये गेलं असतं, ३३,२८० आणि ५४,६००, म्हणजे ८७,८८०. फरक ११,१८० रुपये. मॅडमची सगळी मिळून फी ९,५००, दीड हजार पहिल्या बैठकीचे आणि चार चार हजार दोन रिटर्नचे. मी बायकोला हा कागद दाखवला, तिने दोनदा बेरीज केली आणि म्हणाली द्या.

आणि काहीच केलं नसतं तर? खात्याने केस उघडून ही वजावट खोटी ठरवली तर चुकीची माहिती दिली म्हणून बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागू शकतो, माझ्या ५७,२०० वर तो १,१४,४०० होतो, टॅक्स आणि व्याज वेगळं, आणि खोटं विधान केल्याबद्दल खटल्याची तरतूद कायद्यात आहे ती वेगळीच. मी विचारलं, मॅडम हे भरल्यावर सगळं संपलं असं लिहून द्याल का. म्हणाल्या, नाही, पुढे कोणी काही विचारणारच नाही अशी हमी मी देणार नाही, पण विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला स्वतःहून भरलेलं चलन असेल. ज्या माणसाने मॅनेज करतो म्हटलं त्याच्यापेक्षा मला हे उत्तर जास्त धीर देऊन गेलं.

त्या चकाचक ऑफिसवाल्यांची आयडिया पण मी मॅडमना सांगितली, देणगी खरी म्हणून ठोकून द्यायची. त्यांनी विचारलं, ९२ हजार घेतले की नाही? घेतले. मग मी ते लिहिणार नाही, तुम्हालाही लिहू देणार नाही. आणि म्हणाल्या की सप्टेंबर २०२२ पासून असल्या पार्ट्यांवर आणि मधल्या माणसांवर धाडी चालू आहेत, कॅश कोणाला किती परत दिली याच्या वह्या आणि चॅट जिथे पकडले जातात तिथे तुमच्या पावतीला कोण विचारतो, उलट खऱ्या चुकीवर आता दुसरं खोटं चढवलंत तर पुढे माफीला जागाच उरत नाही. त्यांनी मला सरांबरोबरचं सगळं व्हॉट्सअॅप चॅट आणि पावत्या जपून ठेवायला सांगितल्या, डिलीट करू नका म्हणाल्या. मी त्याच्या आदल्याच रात्री डिलीट करायला बसलो होतो.

पैसे भरले. चलनावर सेल्फ असेसमेंटचा कोड ३००, ते चुकू नये म्हणून त्यांच्या पोराने माझ्यासमोर भरून घेतलं. २० जानेवारीला दोन्ही रिटर्न गेली, आधार ओटीपीने व्हेरिफाय केली, पोचपावती या वेळी माझ्या स्वतःच्या ईमेलवर आली. एवढे पैसे आणायचे कुठून तर एक एफडी मोडली, मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेली, त्याचं मला फार वाईट वाटतं आणि ते वाटणं लवकर जाणार नाही.

आता एक गुण का कापला. एक तर लेखी काही दिलं नव्हतं, सगळं तोंडी आणि एका चतकोर कागदावर पेन्सिलने, मी दोनदा मागितल्यावर ईमेलने नीट टिपण आलं. ज्या माणसाने आधीच तोंडी भरवशावर मार खाल्लाय त्याला लेखी पहिल्या दिवशी हवं असतं आणि हे मी मॅडमना सांगितलं, त्यांनी मान्य केलं. दुसरं म्हणजे फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर रात्री साडेदहाला, तेही एका शब्दाचं, मधल्या त्या दहा दिवसांत मला एकेक दिवस जड गेला. काम चोख आहे पण घाबरलेल्या माणसाला दोन ओळी जास्त लिहिल्या तर काय बिघडतं. पैशाची पावती मात्र न मागता दिली.

सगळ्यांनीच फी द्यावी असं मी म्हणणार नाही. ज्याने एकाच वर्षी एकच देणगी दाखवलीय, रिटर्न स्वतः भरलंय, बाकी सगळं स्वतःच्या हातचं आहे आणि नोटीस नाही, त्याने शांतपणे पोर्टलवर बसून केलं तर होतं, आयटीआर-यू भरायला खातं वेगळी फी घेत नाही. आमच्याच क्वालिटीतल्या एका ताईंनी तसं केलं, पन्नास हजाराची एकच देणगी होती, फॉर्म पाठवायच्या आधी एआयएस (खात्याकडे असलेली आपल्या कमाईची नोंद) आणि कंपनीचा फॉर्म १६ शेजारी ठेवून तीन वेळा पडताळला, काम झालं. पण दुसऱ्याने भरलेलं रिटर्न असेल तर मी तरी म्हणेन निदान दीड दोन हजाराची एक बैठक घ्याच, पूर्ण काम नका देऊ हवं तर, फक्त रिटर्न ओळ न ओळ वाचून घ्या. तुमच्या आईचं, वडिलांचं नाव कुठे लावलंय ते तुम्हाला माहीत नाही.

आणि नोटीस आलेली असेल तर मग हा फी वाचवायचा विषयच नाही. माझ्याबरोबर शिफ्टला असलेला माझा मित्र, त्यानेही त्याच सरांकडून, त्याचा दीड लाख, तो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये म्हणून टॅक्स ४६,८००. मी घरी आल्यावर त्याला फोन करून ईमेल बघायला लावला तर त्याच्या ई-प्रोसिडिंग्जमध्ये जुनी केस पुन्हा उघडल्याची, १४८ कलमाची नोटीस पडलेली, आधीची कारणे दाखवा नोटीस पण तिथेच, तिची मुदत निघून गेलेली, हा आपला कामावर येतोय जातोय. केस उघडलेली असल्यामुळे मी हे लिहितोय त्या जानेवारी २०२६ च्या नियमाप्रमाणे त्या वर्षाचा आयटीआर-यूचा दरवाजा त्याला बंद आहे. त्याला आता नोटिशीला उत्तर म्हणून रिटर्न भरायचंय, खोटी वजावट न घेता, टॅक्स व्याज भरायचं, आणि मग दंड उत्पन्न कमी दाखवल्याचा ५० टक्क्यांचा की चुकीच्या माहितीचा २०० टक्क्यांचा यावर सगळी लढाई. २०० चा म्हणजे ९३,६००. दंडातून सूट मागायचा अर्ज असतो पण जानेवारी २०२६ च्या नियमाने तो चुकीची माहिती या सदरात गेलं की चालत नाही, म्हणून पहिल्या उत्तरात काय शब्द लिहिले जातात याला किंमत आहे. मॅडमनी त्याला २५ हजार सांगितलेत, हप्त्याने घेते म्हणाल्या. त्याची बायको तेच म्हणतेय जे माझी म्हणाली होती. मी तिला एवढंच सांगितलं की वहिनी, माझ्या वेळी मी आठवडा घालवला तो मला परवडला, तुमच्याकडे आठवडा नाही.

सीए शोधताना मी काय बघितलं तेही सांगून टाकतो. मेंबरशिप नंबर मागा, खरा सीए लगेच देतो, आयसीएआय म्हणजे सीएंच्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासून बघता येतं. पहिल्या बैठकीची फी आधी सांगतो का बघा. आणि तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते मोजा, मॅडमनी मला जेवढे विचारले तेवढे माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारले नव्हते. घरमालकाचा पॅन कुठून आला, बँकेचं व्याज दाखवलंय का, विम्याचा हप्ता खरंच भरता का, सगळं. पासवर्ड मागितला तर देऊ नका, समोर बसून स्वतः टाका.

सर अजूनही आहेत म्हणे, दुसऱ्या कंपनीच्या गेटवर. तिथल्या पोरांपर्यंत हे पोचलं तर बरं होईल.

मित्राच्या उत्तराची मुदत ६ फेब्रुवारी आहे. त्याने पासबुक, फॉर्म १६, पार्टीची पावती आणि सरांचे चॅट प्रिंट करून पिशवीत भरून ठेवलेत, मंगळवारी सेकंड शिफ्ट बदलून घेतलीय, संध्याकाळी सहाला आम्ही दोघं मॅडमकडे जाणार आहोत.